परक्यांच्या पायांनी

बातमी आली तेव्हा एवेलियाचे दोन्ही पाय कोमट मिठाच्या पाण्यात होते. गाव बघायला आलेली सकाळची मंडळी फिरवून झाली होती, दुपारी कुणी येणार नव्हतं, आणि शेजारच्या चोलेच्या मागच्या अंगणात, बदामाच्या सावलीत बसून ती भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावांकडे बघत होती. चोले पाव करून विकायची. प्रत्येक घाण्यातला सगळ्यात करपलेला पाव एवेलियाचा, असा दोघींचा लग्नाआधीपासूनचा करार होता.

"हा नीटसा करपला नाहीये," एवेलिया म्हणाली.

"जाळायला विसरले बघ. उद्या तुला सरळ कोळसाच वाढते."

फोन वाजला. उत्तरेकडून, सीमेजवळच्या शहरातून तिची भाची यादिरा बोलत होती. तिचा बाप, एवेलियाचा थोरला भाऊ नाबोर, आदल्या रात्री झोपेतच गेला होता. त्रास काही झाला नाही. खानावळीतलं काम आटोपून घरी आला, नव्या पोऱ्याने मासा किती खारट केला ते सगळ्यांना हसत हसत सांगितलं, आणि झोपला. तिकडेच पुरणार होते. एवढ्या लांब आणणं कुणालाच झेपणारं नव्हतं.

"आत्या, ऐकताय ना?"

"ऐकतेय गं. तू काही खाल्लंस का?"

फोन ठेवल्यावरही तिने पाय पाण्यातून काढले नाहीत. पाणी निवलं. बदामाचं एक पान त्यात पडलं, तेही तिने तसंच तरंगू दिलं. चोलेने पावांच्या पाटीवर फडकं टाकलं आणि ती समोर येऊन बसली.

"नाबोर," एवेलिया म्हणाली.

चोलेने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. मग हळूच म्हणाली, "आता ह्याला पाय कुठून आणायचे गं?"

आमच्या सान तेल्मोत माणूस मेला की लगेच निघून जात नाही. जन्मभर जिथं जिथं पाऊल टाकलं असेल तिथं तिथं जाऊन तो आपली पावलं गोळा करतो आणि सगळी झाली म्हणजेच जातो. त्याला नऊ दिवस मिळतात. गावातच मेलेल्याचं सोपं असतं. तो आपल्याच पायांनी हिंडतो. रिकाम्या गल्लीत चपला वाजतात, मासळीबाजारात कोळणी टोपल्या मागं ओढून वाट करून देतात. आणि हे सगळं चालतं भर दुपारी. रात्री आमच्या गावात गाणं-बजावणं इतकं असतं, की मेलेल्या माणसाला काही सुचायचं नाही. दुपारी जेवणं झाली, खिडक्या ओढून घेतल्या, कावळ्यासारखे ते काळे पक्षीसुद्धा चोच उघडी टाकून फांदीवर मुकाट बसले, की तेवढी वेळ त्यांची.

लांब मेलेल्याची मात्र पंचाईत. पाय तिकडं पुरलेले, पावलं इकडं पडलेली. मग तो एखाद्या परक्याचे पाय उसने घेतो. गाव बघायला आलेला, उन्हाने डोकं हलकं झालेला कुणीही त्याला चालतो. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. त्याला वाटतं, आपण रस्ता चुकलो. गावकऱ्यांचे पाय मात्र घेता येत नाहीत, त्यांच्यात ज्याची त्याची पावलं आधीच भरलेली असतात. म्हणून कुणी परमुलखात वारलं, की नऊ दिवस आम्ही चुकलेल्या माणसाला रस्ता सांगत नाही. परक्यासमोर मेलेल्याचं नाव घेत नाही. दारं उघडी ठेवतो.

ह्यापायी गावाची बदनामी झाली आहे. समुद्र कुठं आहे असं विचारलं तर सान तेल्मोचे लोक आभाळाकडे बघतात, असं बाहेर बोलतात. एका वर्षी राजधानीचा एक जाडा गृहस्थ चुकून कुणाच्या न्हाणीघरात शिरला. आतली बाई अंगाला साबण लावत होती. तिने त्याच्या हातात टॉवेल दिला, स्वतः चादर गुंडाळून बाहेर गेली आणि त्याचं होईपर्यंत परसात उभी राहिली. तो माणूस अजून दर वर्षी येतो.

आणि एवेलियाचा धंदाच रस्ता दाखवण्याचा. लोकांना पायी गाव फिरवायचं, धक्का, दीपगृह, देऊळ, मीठ साठवायची जुनी कोठारं. हा धंदा मुळात नाबोरचा. तो पुढे चालत थापा मारायचा, ह्या विहिरीत चाच्यांचं सोनं, त्या खिडकीत रडणारी नवरी, आणि लहानगी एवेलिया मागून टोपी फिरवायची. सदा त्याच्या मागे मागे म्हणून तो तिला शेपटी म्हणायचा. गावात दुसरं कुणी तसं म्हणत नसे. म्हटलं असतं तर तिने दगड हाणला असता.

तो उत्तरेला गेला. आई वारली तेव्हा त्याला येता आलं नाही. कामाची अडचण होती, कागदांची होती, खरी होती. पण महिन्याने आला तो गाणं म्हणतच आला, बगलेत एक मोठं टेडी अस्वल घेऊन. एवेलिया दारात उभी राहिली. चौकटीला हात लावून म्हणाली, "ह्या घरात तू पाऊल टाकायचं नाहीस."

नाबोर ओठाच्या डाव्या कोपऱ्याने हसला. "बरं, शेपटे. तू म्हणतेस तर नाही येत."

मग चोलेकडे गेला, घेवड्याची उसळ तीनदा मागून घेतली आणि संध्याकाळच्या बसने परत गेला. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, जसं काही झालंच नाही. त्यानंतर दर रविवारी यायचा. दोघं पोट धरून हसायची. गावाकडे दोनदा आला तेव्हा चोलेकडे उतरला, एवेलियाने तिथंच जेवण नेलं, मध्यरात्रीपर्यंत पत्ते खेळले. त्या दाराचा विषय कुणी काढला नाही. तिला वाटायचं, तो आपण होऊन येईल. त्याला बहुतेक वाटायचं, ती बोलावील. अस्वल चोलेच्या माळ्यावर आहे.

आता त्या घरातली पावलं राहिली होती. तो तिथंच जन्मला होता, तिथंच चालायला शिकला होता. ती उचलायला तो तिच्या दाराशी येणार, हे एवेलियाला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. त्याला हाक मारायची नाही, नेऊन आत घालायचं नाही. दार उघडं ठेवायचं आणि येऊ द्यायचं, एवढंच तिच्या हातात होतं. पण पावसाळा जेमतेम सरला होता. गावात परकी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

"उद्याची मंडळी रद्द करू नकोस," चोले म्हणाली.

"रद्द करतेय कशाला? मिळाली तर आणखी घेईन."

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला धक्क्यावर जमली ती मंडळी अशी. पुएब्लाचे दातांचे डॉक्टर उर्किसा, पोट पुढे, हात पाठीमागे, ओठांवर शीळ. त्यांची बायको, जी त्यांना सारखी टोपी घालायला सांगत होती. स्वतःचेच फोटो काढणाऱ्या दोन तरुण मुली. आणि तोलुकाहून एकटीच आलेली एक म्हातारी, सेन्योरा ग्राहेदा. काटकुळी, करड्या कपड्यांतली, हातात पर्स घट्ट धरलेली. तिने आदल्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता आणि तो तिला फारसा आवडला नव्हता. "फारच हलतो," असं ती म्हणाली.

"आज आपण वेगळी पद्धत करू," एवेलिया म्हणाली. "मी पुढे चालणार नाही. तुम्ही पाय नेतील तिकडं चला. मी मागून येते."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "पण सांगणार काय?"

"विचाराल ते."

"रस्ता चुकलो तर?"

"चुका की."

"पैसे देऊन चुकायचं!" डॉक्टरांची बायको म्हणाली. "ह्यांना घरी फुकट जमतं."

डॉक्टर निघाले आणि एवेलिया बघतच राहिली. नाबोरचीच चाल. डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत, किनाऱ्याला बांधलेल्या होडीसारखी. दहा पावलांवर ते थांबले, दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले आणि त्यांनी बूट काढून वाळू झाडली. नाबोर तिथंच बसायचा. खरं म्हणजे गावातला प्रत्येक पुरुष तिथंच बसतो, पण त्या क्षणी तिला ते आठवलं नाही.

तिथून पुढे ती डॉक्टरांच्या पाठीवरून नजर हलवीना. ते मासळीबाजारात शिरले, कोळणींनी एकमेकींकडे बघून टोपल्या मागं ओढल्या. बातमी गावभर झाली होतीच. ते एका गाड्यापाशी थांबून लिंबू पिळलेला भाजका मासा खायला लागले, आणि तिसरी प्लेट मागितली तेव्हा एवेलियाने तोंड फिरवून डोळे पुसले.

"दात कोरून काढतात दिवसभर," त्यांची बायको तिला म्हणाली, "म्हणून दुसऱ्यांच्या दातांचा सूड घेतात असे."

मग डॉक्टर एका उघड्या दारातून सरळ आत गेले. आत एक आजीबाई जेवत बसली होती. तिने वर न बघता दुसरी ताटली काढली, उसळ वाढली, मक्याच्या दोन गरम तोर्तिया ठेवल्या आणि खुर्ची पायाने पुढे सारली.

"अहो! लाज वाटते का काही?"

"अगं, ह्यांनी बोलावलं मला!"

"कधी बोलावलं? त्या तर बोलल्याही नाहीत!"

"दार उघडं होतं ना!"

मुली हसून हसून भिंतीला टेकल्या. एवेलियाही हसली, काल बातमी आल्यापासून पहिल्यांदाच. असंच असतं हे, तिला वाटलं. त्याचं असंच असणार.

म्हातारी सारखी मागे राहत होती. एवेलियाला तिचा मनातून त्रास होत होता. सगळे गल्लीच्या मधून चालत तर ही भिंतीकडेने. सगळे थांबत तर ही चालत राही. मिठाच्या कोठारांपाशी सपाट फरसबंदीवर तिने एकदम स्कर्ट किंचित उचलून लांब टांग टाकली, जसा पाण्याचा ओहोळ ओलांडावा. तिथं पूर्वी गटार होतं. एवेलिया तरुण असतानाच नगरपालिकेने ते बुजवून टाकलं होतं. एवेलियाने पाहिलं आणि तिला वाटलं, बाईला भोवळ येतेय. पाण्याची बाटली पुढे केली.

"नको," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. "बरं वाटतंय. पाय कसे... आपोआप चाललेत."

"ऊन आहे, सेन्योरा. सावलीतून चला."

आणि एवेलिया पुन्हा डॉक्टरांमागे धावली.

दुपार भरत आली. एकेक खिडकी ओढली गेली. कुठूनतरी ऐकू येणारा रेडिओ बंद झाला. झाडावरचे पक्षी गप्प झाले, आणि मग समुद्रही गप्प झाल्यासारखा वाटला. लाट येत असणारच, पण फुटल्याचा आवाज येईना. पांढऱ्या भिंतींवर ऊन इतकं लखलखत होतं की सावल्या भिंतींना चिकटून बसल्या होत्या. मुलीही कुजबुजत बोलायला लागल्या, का ते त्यांनाही कळलं नसेल. डॉक्टरांची शीळ थांबली.

तेव्हा एवेलियाला वास आला. लिंबाच्या सालीचा. नाबोर मासे साफ करून झाले की साल हातांवर घासायचा, कोपरापर्यंत, आणि मग ओले हात तिच्या वेणीला पुसायचा. वास जवळ आला. तिच्या अगदी मानेमागून गेल्यासारखा. तिने पुढे डॉक्टरांकडे पाहिलं. लिंबू पिळलेला मासा त्यांनी भरपूर खाल्ला होता. बोटं अजून चाटत होते.

गल्ली संपत होती. तिथं कोपरा होता. उजवीकडे देऊळ आणि बर्फाचा गोळा विकणारा. डावीकडे पुढे वाट नसलेली आंधळी गल्ली, टोकाला एकच घर, एवेलियाचं. घराचं दार तिने पहाटेच उघडं टाकलं होतं. उंबरा धुतला होता. आत एक खुर्ची ओढून ठेवली होती.

डॉक्टर कोपऱ्यावर थांबले. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. एवेलियाला बोलायचं नव्हतं. बोट दाखवायचं नव्हतं. डोळ्यांनीही सुचवायचं नव्हतं. तिने नजर त्यांच्या पायांकडे लावली.

"इकडं काय आहे?" डॉक्टरांनी डावीकडे हात केला.

"...मला नाही माहीत," ती म्हणाली.

"तुम्हाला नाही माहीत?" डॉक्टरांची बायको म्हणाली. "मग आम्ही कुणाला विचारायचं?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी एक पाऊल डावीकडे टाकलं. ये, एवेलिया मनात म्हणाली. ये रे. आणि तेवढ्यात ते परत थांबले.

"ती बाई कुठं चालली?"

म्हातारी त्यांच्या बाजूने केव्हा पुढे गेली ते कुणालाच कळलं नव्हतं. आंधळ्या गल्लीत ती एकटीच चालली होती, झपझप. पर्स हातात नव्हती. कोपऱ्यावर जमिनीवर ठेवलेली होती. डॉक्टर म्हणाले, "थांबा, मी आणतो त्यांना. मग जाऊ गोळा खायला." ते वळले. त्यांचा पाय, ज्याची ती धक्क्यापासून वाट बघत होती तो पाय, आता उंबऱ्यावर पडणार होता. घाईघाईत, दुसऱ्याच कुणासाठी, कसातरी. तिच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. तोंडाला वर्षानुवर्षांची सवय होती. दर दिवशी, दर मंडळीत, कुणी ना कुणी त्या गल्लीत शिरायचंच, आणि दर वेळी तिच्या तोंडून तेच वाक्य त्याच सुरात निघायचं.

"सेन्योरा! तिकडं काही नाही! रस्ता इकडून आहे!"

म्हातारी दारात होती. एक हात चौकटीवर. उजवा पाय उंबऱ्याच्या वर उचललेला, आत टेकायचाच राहिलेला. ती तशीच थांबली. म्हातारं माणूस एका पायावर इतका वेळ उभं राहू शकत नाही. पण ती हललीसुद्धा नाही.

मग तिने मान वळवली. ओठाचा डावाच कोपरा वर गेला.

"बरं, शेपटे," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, म्हातारीचा, किनरा. "तू म्हणतेस तर नाही येत."

आणि पाय बाहेर टेकला.

लाट फुटल्याचा आवाज आला. झाडावरचे पक्षी एकदम कलकलाट करायला लागले. सेन्योरा ग्राहेदा चौकट धरून खाली बसली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "माझी पर्स कुठं आहे? अहो, कुणी माझी पर्स पाहिली का?"

"ऊन लागलं त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पाणी द्या. शेपटी कोण?"

एवेलिया धावत गेली, म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "चला. आत चला ना. आत गार आहे." म्हातारी निमूट उठली, उंबरा ओलांडून आत गेली, खुर्चीवर बसली, पाणी प्यायली.

"नीटनेटकं आहे घर," ती म्हणाली. "किती वेळ झाला आपल्याला चालून? पायांचे तुकडे पडले माझ्या. मला काही आठवत नाही बघा. फक्त कुणीतरी माझ्यावर ओरडलं, आणि मला इतकं हसू आलं... का, ते नाही आठवत."

लिंबाचा वास कुठंच नव्हता.

"डॉक्टर!" चोले संध्याकाळी म्हणाली. तिने पिठाचे हात कमरेवर ठेवले होते. "पोट बघून ओळखलंस भावाला? नाबोर कधी तरी सरळ तोंडाने आला होता का दारात? तो म्हातारीच होऊन येणार! तुला फसवायला!"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. आयुष्यभर त्याच्या मागे फिरलीस, आणि ज्या दिवशी मागे बघायचं त्या दिवशी पुढचाच बघत बसलीस." मग तिचा आवाज उतरला. "ते वाक्य तरी का बोललीस गं?"

"तोंडातून गेलं."

चोलेने एक पाव तिच्यापुढे सरकवला. चांगला खरपूस, करपलेला नव्हता. "अजून दिवस आहेत," ती म्हणाली. पण तिच्याकडे बघून म्हणाली नाही.

पुढचे दिवस गाव अजून आठवून हसतं. एवेलिया बसच्या थांब्यावर उभी राहायची आणि उतरेल त्या परक्याला फुकट गाव दाखवते म्हणून धरून आणायची. विम्याचा एक एजंट सापडला, त्याला विमा विकायचा होता. मधुचंद्राला आलेलं एक जोडपं सापडलं. त्यांना एकमेकांखेरीज काही बघायचं नव्हतं. दीपगृहाला रंग द्यायला आलेला एक रंगारी, भलतीच भाषा बोलणारे दोन उंच सायकलवाले, सगळे त्या गल्लीत आले, आत शिरले, उसळ-तोर्तिया जेवले, तिच्या पाककलेची स्तुती करून गेले. सायकलवाले तर तिथंच आडवे होऊन घोरले. घर कधी नव्हे इतकं माणसांनी भरलं. ती प्रत्येकाच्या पायांकडे बघायची, उंबऱ्यावर पाय पडताना. ते नुसते पाय होते.

नववी संध्याकाळ आली. पुढच्या खोलीत जमिनीवर चुन्याचा क्रूस काढलेला होता, त्याभोवती मेणबत्त्या. गल्ली माणसांनी भरली. चोलेने जप चालवला. मग आमच्या रीतीप्रमाणे फुलाने चुना चारी टोकांकडून मध्ये गोळा करत आणला आणि शेवटची चिमूट उचलायच्या आधी घरच्या माणसाकडे मान वळवली.

"सगळी गोळा झाली?"

घरचं माणूस एवेलियाच होती. बाहेर मोठ्या पातेल्यांत जेवण निवत होतं. कुणाचं तरी तान्हं बाळ किरकिरत होतं. माणसं ताटकळली होती, ती सगळी नाबोरवर माया करणारी माणसं होती, आणि त्यांतल्या कित्येकांना त्याचे किस्से सांगायची घाई झाली होती.

"झाली," एवेलिया म्हणाली.

चोलेचं फूल क्षणभर थांबलं. मग तिने चिमूट उचलली.

रात्री जेवणावळ झकास झाली. नाबोरने देवळाच्या घंटेला बकरी बांधली होती ती गोष्ट चौघांनी चार तऱ्हांनी सांगितली. चुन्याची पिशवी होडीतून नेऊन समुद्रात सोडली. सगळे म्हणाले, चांगलं झालं, हसत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एवेलिया पाव घेऊन घरी आली. गल्लीत कुणी नव्हतं. दार उघडं होतं, ती गेली होती तसंच. तिने उजवा पाय उचलला. तो उंबऱ्याच्या वर गेला आणि तिथंच थांबला.

दुखत नव्हता. अवघडलाही नव्हता. नुसता थांबला होता, आतून कुणी काही म्हणेल म्हणून. तिने आत पाहिलं. खुर्ची, टेबल, भिंतीवरची आई. मधल्या काळोख्या बोळात कुणी नव्हतं. पण दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूने, कुणी हात टेकून वाट अडवावी तशी तिथली हवा भरलेली होती. आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ऐन तिशीतला, आईच्या दुःखाने चिडलेला. आवाज तिच्या तोंडून आला नव्हता. तो घरातून आला होता. नाबोरला इथंच ऐकवलेले ते शब्द तिला पाठ होते.

पावाची पिशवी छातीशी धरून ती एका पायावर किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. शेवटी तिने मान हलवली.

"बरं," ती म्हणाली, आणि पाय बाहेर टेकवला.

चोले म्हणते, संधिवात आहे, तेल लाव. गावचे म्हणतात, गावकऱ्यांचे पाय कुणी घेत नाही, तेव्हा ते काही नव्हे. एवेलिया वाद घालत नाही. तिचं बरं चाललं आहे. आता मोसम सुरू झाला आहे, दिवसाला दोन-दोन मंडळ्या असतात, ती थापाही मारायला लागली आहे, आणि त्या नाबोरपेक्षा सरस असतात असं खुद्द चोलेच सांगते. आंधळ्या गल्लीत कुणी शिरलं तर ती काही बोलत नाही, शिरू देते. लोक दारापर्यंत जातात, आत डोकावतात, कुणी कुणी आत जाऊन खुर्चीवर बसूनही येतात. ती कोपऱ्यावर थांबते.

स्वतः ती चोलेच्या अंगणातून, कुंपणाची फळी सरकवून, मागच्या दाराने घरात येते-जाते. पुढच्या दाराने ती अजून आत गेलेली नाही.